कन्फेशनची तयारी: निर्णय शोधण्यापासून भरपाईपर्यंत

नाताळच्या आधीच्या शनिवारी किंवा ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात चर्चमध्ये कन्फेशनची, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली देऊन क्षमा मागण्याची, रांग लागते. पुढे चार माणसं उरली की पापं आठवायला सुरुवात होते. आत गेल्यावर तोंडातून बाहेर पडते ती लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्तशरीराचा प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या) वर्गात पाठ केलेली यादी: "खोटं बोललो, रागावलो, प्रार्थना चुकवली." बोलणारा पंचेचाळीस वर्षांचा असतो. त्याच्या मागे एक कोर्टकेस असते, सख्ख्या बहिणीशी अबोला असतो, धंद्यात दोन वह्या असतात. यादीत यातलं काहीही नसतं.

कन्फेशन बिघडतं ते आतल्या पाच मिनिटांत क्वचितच. त्याच्या आधी करायचं काम झालेलं नसतं आणि नंतरचं काम करायचं असतं हेच ठाऊक नसतं. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. दुसऱ्या पायरीला सर्वांत जास्त वेळ लागेल. लागू द्या.

## 1. वेळ, जागा आणि फादर आधी ठरवा

कॅनन कायद्यानुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यानुसार, समज आलेल्या प्रत्येक कॅथलिकाने गंभीर पापांची कबुली वर्षातून एकदा तरी द्यायची असते. ही किमान अट आहे, वेळापत्रक नव्हे. वर्षातून एकदाच जाणारी माणसं नेमकी गर्दीच्या आठवड्यात जातात आणि फादरांना एकेकासाठी दोन मिनिटंही मिळत नाहीत. मोठी गोष्ट बोलायची असेल तर सण टाळा. बांद्र्याच्या मोतमाउलीचा सण किंवा हरेगावच्या मतमाउलीची यात्रा हे मारियामातेवरच्या श्रद्धेचे दिवस आहेत, पण पंधरा वर्षांनी करायच्या कन्फेशनला ती जागा अपुरी पडते. आठवड्यातल्या साध्या दिवशी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरांना भेटा, किंवा ऑफिसात फोन करून वेळ मागा. "फादर, मला कन्फेशन करायचं आहे, थोडा वेळ लागेल," एवढंच सांगा. कारण सांगायची गरज नाही.

आपल्याच धर्मग्रामात, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, गेलं पाहिजे असंही नाही. आपले फादर रोज घरी येतात, आईला ओळखतात, त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही, ही अडचण खरी आहे. शेजारच्या चर्चमध्ये जा. जाळीमागे बसून, चेहरा न दाखवता बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आखातात किंवा दुसऱ्या राज्यात असाल आणि मराठी जाणणारे फादर नसतील तर मोडक्यातोडक्या भाषेत बोललात तरी चालतं. दुभाष्यामार्फतही कन्फेशन करता येतं आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन असतं.

गुप्ततेविषयी. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. बिशपांना नाही, पोलिसांना नाही, तुमच्या बायकोला नाही. सरळ सरळ गुप्तता मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी ख्रिस्तसभेतून (चर्च या संस्थेतून) बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडे राखून ठेवलेला आहे. ऐकलेल्या माहितीचा वापर करून तुम्हाला त्रास होईल असं काही करायलाही त्यांना मनाई आहे. म्हणून "फादर उद्या प्रवचनात माझंच उदाहरण देतील" ही भीती घेऊन आत जाऊ नका.

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कन्फेशन होत नाही. कोविडच्या टाळेबंदीतही तशी मुभा दिली गेली नव्हती.

## 2. कृतींची यादी नको, निर्णयाचा क्षण शोधा

बहुतेक जण दहा आज्ञा घेऊन बसतात आणि शाळेच्या हजेरीसारखी खूण करत जातात. आज्ञा हव्यातच, पण त्या शोधाची सुरुवात आहेत. प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न असा: मी "हो" नेमकं कधी म्हटलं?

वसईतलं, आणि खरं तर सगळीकडचं, एक नेहमीचं प्रकरण घेऊ. वडील मृत्युपत्र न करता वारले. तीन भाऊ, एक लग्न झालेली बहीण. वाडीचा भाव आकाशाला भिडलेला. भावांनी हक्कसोडपत्र तयार केलं आणि बहिणीला सांगितलं, "सही कर गं, सातबाऱ्यावर नावं लावायचीत." तिने विश्वासाने सही केली. पाच वर्षांनी मोठा भाऊ कन्फेशनला जातो आणि सांगतो, "बहिणीशी भांडण आहे, मी तिच्याशी बोलत नाही."

अबोला नंतरचा आहे. सही घेतली तो दिवसही मूळ नव्हे. ज्या रात्री तिघांनी बसून "तिला कागद वाचून दाखवायचा नाही" असं ठरवलं, तो निर्णयाचा क्षण. पाप तिथे आहे आणि नाव आहे फसवून घेतलेली मालमत्ता. कबुली त्याची द्यायची असते. अबोला त्यानंतर सांगा.

असा क्षण सापडला की त्याला तीन बाजूंनी तपासा. नीतीविषयीची कॅथलिक शिकवण प्रत्येक कृतीत याच तीन गोष्टी पाहते.

काय केलं? विशेषणं काढून, साध्या शब्दांत. "थोडं ॲडजस्ट केलं" हे वर्णन नाही. "कमी वजनाचं माप वापरलं", "दुसऱ्याच्या नावाने सही केली" हे वर्णन आहे.

कशासाठी केलं? इथे फार माणसं अडकतात. भाऊ म्हणतो, "वाडी तुकड्या-तुकड्यांत जाऊ नये म्हणून केलं." हेतू चांगला असेलही. पण मूळ कृती चुकीची असेल तर चांगला हेतू तिला चांगली करत नाही. वाडी एकत्र ठेवायची होती तर बहिणीला समोर बसवून विचारता आलं असतं.

कोणत्या परिस्थितीत? परिस्थितीमुळे पाप हलकं किंवा जड होतं. दोनशे रुपये श्रीमंत दुकानदाराचे उचलणं आणि मोलकरणीच्या पगारातून दोनशे रुपये कापणं सारखं नाही. "मुलीला लग्नात सोनं दिलं होतं" ही आपल्याकडची लाडकी सबब. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान असतो, आणि शिकल्यासवरल्या भावांना हे ठाऊक असतं. ठाऊक असणं हीसुद्धा परिस्थितीच.

गंभीर पाप ओळखण्याची कसोटी. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात: बाब गंभीर असणं, ती गंभीर आहे हे करताना पुरतं कळलेलं असणं, आणि मनापासून, मोकळेपणी होकार दिलेला असणं. एक जरी कमी असेल तरी पाप असू शकतं, पण गंभीर पाप नाही. धाक, अज्ञान, जबरदस्ती, जुनी सवय, मानसिक आजार यांमुळे जबाबदारी कमी होते. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाचा आजचा पेला आणि त्याने पहिल्यांदा "उपचाराला जाणार नाही" म्हटलं तो दिवस, यांतला दुसरा अधिक जड असू शकतो. तो शोधा.

आता उलट बाजू. भलत्याच गोष्टींनी हैराण झालेली माणसंही कमी नसतात. मनात विचार आला म्हणजे पाप झालं नाही. राग उसळला, वासना जागी झाली, नवऱ्याच्या आजारपणात "सुटला एकदाचा तर बरं" असं क्षणभर वाटून गेलं, प्रार्थनेत शिवी आठवली. भावना आपल्याला विचारून येत नाहीत आणि नुसत्या भावनेला चांगलं-वाईट असं नाव देता येत नाही. विचार आला, तो ओळखला, तरी मुद्दाम धरून ठेवला, त्याला खतपाणी घातलं, तिथून तुमची जबाबदारी सुरू होते. विचार झटकला असेल तर मोह झाला आणि तुम्ही त्याला नाही म्हणालात, बस.

जे केलं नाही तेही पाहा. मिस्सेच्या सुरुवातीच्या कबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला कर्तव्यात केलेली कसूरही येते, आणि तयारी करताना नेमकी तीच गळते. म्हाताऱ्या आईला भावाकडे टाकून निर्धास्त राहणं. ऑफिसात खोटं बिल पास होताना गप्प बसणं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाची तरी बदनामी सुरू असताना, ती खोटी आहे हे माहीत असून, नुसतं वाचत राहणं.

ही शोधाशोध एका बैठकीत होत नाही. रोज रात्री दहा मिनिटं दिली तर सोपं जातं. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आखलेला पाच टप्प्यांचा क्रम वापरा: आजच्या दिवसाबद्दल देवाचे आभार, स्वतःला नीट पाहता यावं म्हणून प्रकाशाची मागणी, सकाळपासून तासातासाने उजळणी, चुकलं त्याची क्षमायाचना, उद्यासाठी एक ठराव. आभार पहिले आहेत, हा क्रम बदलू नका. थेट चुकांपासून सुरुवात करणारा माणूस दोन दिवसांत कंटाळतो किंवा खचतो.

आठवलेलं कागदावर लिहायला हरकत नाही. कन्फेशन झालं की कागद फाडून टाका. मोबाइलमध्ये मात्र लिहू नका, तो घरातल्या चारचौघांच्या हातात असतो.

पुढे जाण्याआधी तपासा. यादीतल्या प्रत्येक ओळीत कर्ता "मी" आहे का? "सासू मला बोलायला भाग पाडते" ही सासूची कबुली झाली. ओळ बदला: "मी सासूला तिच्या माहेरच्यांसमोर मुद्दाम अपमानित केलं."

## 3. पश्चात्ताप: रडू आलं नाही तरी चालतं

या पायरीवर लोक स्वतःच्या भावना मोजत बसतात. "मला वाईटच वाटत नाही, मग जाऊन काय करू?" पश्चात्ताप हा मुख्यतः इच्छेचा भाग आहे: केलेलं मला नको आहे आणि पुन्हा करायचं नाही. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम, नाही आलं तर कन्फेशन अडत नाही.

ख्रिस्तसभा दोन प्रकारचा पश्चात्ताप ओळखते. देवावरच्या प्रेमापोटी होणारा तो पूर्ण, आणि शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या ओंगळपणाची किळस आल्याने होणारा तो अपूर्ण. अपूर्ण पश्चात्तापसुद्धा या संस्कारासाठी पुरेसा आहे. उधळ्या पुत्राचा दाखला (लूक 15) नीट वाचा. पोरगा घरी वळतो तो बापाच्या आठवणीने व्याकूळ होऊन नव्हे. त्याला भूक लागलेली असते आणि बापाच्या नोकरांना पोटभर भाकरी मिळते हे आठवतं. वाटेत म्हणायचं भाषणही तो तयार ठेवतो, त्यात "मला नोकरांसारखं ठेवा" असं एक वाक्य असतं. बाप लांबूनच पाहून धावत येतो आणि पोराला ते शेवटचं वाक्य बोलायला मिळतच नाही. मध्येच झगा, अंगठी आणि पायताण आणायची आज्ञा सुटते. देवाची दया तुमच्या पश्चात्तापाची प्रत तपासून मग निघत नाही, ती आधीच निघालेली असते. तयारीला बसण्यापूर्वी हा उतारा वाचावा असं मी सांगते ते यासाठी.

मात्र शरम आणि पश्चात्ताप एक नव्हेत. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला पस्तावा झाला होता, त्यासाठी घेतलेली तीस नाणी त्याने परतही नेली, पण तो येशूकडे गेला नाही. शिष्य पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं, मग तो ढसाढसा रडला आणि राहिला. शरम माणसाला स्वतःभोवतीच फिरवते: लोक काय म्हणतील, मी असा कसा. पश्चात्तापात ज्याचं नुकसान केलं तो माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि देव.

स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी पकडलो गेलो नसतो तरी हे मला नको वाटलं असतं का? उद्या तशीच संधी, तितकेच पैसे, तितकाच एकांत मिळाला तर मी काय करायचं ठरवलं आहे? दुसऱ्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर अजून आत जाऊ नका. पुढची पायरी आधी करा.

## 4. ठराव आणि भरपाईचा बेत, आत जाण्यापूर्वी

"पुन्हा पाप करणार नाही" हा ठराव पूर्ण आहे, पण हवेत आहे. त्याला पाय द्या. ऑनलाइन जुगाराची सवय असेल तर ॲप आजच काढायचं आणि पगाराचं खातं बायकोला दाखवायचं. एका विशिष्ट टोळक्यात बसलं की दारू होतेच, तर त्या टोळक्यात बसायचं नाही. ज्या माणसाशी, ज्या जागी, ज्या वेळी पाय घसरतो ते टाळणं हा ठरावाचाच भाग आहे. टाळता येत असूनही टाळायची तयारी नसेल तर पश्चात्ताप अपुरा आहे.

"मी पुन्हा पडेन अशी भीती वाटते" आणि "मी पुन्हा करणार आहे" यांत गल्लत करू नका. पहिली केवळ भीती आहे, ती असली तरी कन्फेशन व्यवस्थित होतं. दुसरा निर्णय आहे, आणि तो मनात धरून घेतलेली क्षमा पोकळ ठरते.

चोरी, फसवणूक, बदनामी या पापांत भरपाई लागते. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट द्यायची तयारी दाखवली. आपल्याकडून चौपट कुणी मागत नाही, पण घेतलेलं परत करायची खरी तयारी हवीच. आमच्या उदाहरणातल्या मोठ्या भावाने फादरांकडे जाण्यापूर्वी निदान इतकं ठरवलेलं असावं: बहिणीचा वाटा तिला मिळाला पाहिजे, आणि मी माझ्याकडून सुरुवात करणार. बाकीचे दोघे तयार नसतील तर त्यांच्या वाट्याचं पाप त्याच्या डोक्यावर नाही. पण "ते देत नाहीत म्हणून मीही देत नाही" हे चालत नाही. जमीन विकून झाली असेल तर पैसे. तेव्हाच्या दराने की आजच्या, हे भावाने एकट्याने ठरवू नये, कारण तो स्वतःच्या बाजूने गणित करेल. फादरांना विचारा आणि कागदपत्रांसाठी वकील गाठा.

## 5. आत काय आणि कोणत्या क्रमाने बोलायचं

हा भाग लोकांना सर्वांत भीतिदायक वाटतो, आणि तयारी झाली असेल तर हाच सर्वांत सोपा आहे.

क्रूसाची खूण करा. मग: "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटचं कन्फेशन गेल्या पास्काच्या (ईस्टरच्या) वेळी केलं." नक्की आठवत नसेल तर "साधारण आठ वर्षांपूर्वी" पुरे. नंतर स्वतःविषयी एक ओळ, कारण फादरांना तुमची परिस्थिती कळायला हवी: विवाहित आहे, दोन मुलं आहेत, बांधकामाचा व्यवसाय आहे.

मग सर्वांत जड पाप पहिलं सांगा. हलक्यापासून चढत जाणारे अर्धे लोक मुक्कामापर्यंत पोहोचतच नाहीत. ते "आणि इतर सर्व पापांसाठी" म्हणून थांबतात आणि मुख्य गोष्ट घशातच राहते. जीभ वळत नसेल तर "फादर, एक गोष्ट आहे, सांगायला फार जड जातं, मदत करा," एवढं म्हणा. पुढचं काम ते करतील.

गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगायची असते. प्रकार म्हणजे काय केलं ते नेमकं, आणि ते पाप बदलून टाकणारी परिस्थिती असेल तर तीही. उदाहरणार्थ, लग्नाबाहेर संबंध होता आणि मी किंवा ती व्यक्ती विवाहित होती. संख्या म्हणजे अंदाज: "दोन वर्षं, महिन्यातून दोनतीनदा." कथानक नको, आणि लैंगिक पापांत तर तपशील मुळीच नको. ज्याच्यासोबत पाप केलं त्याचं नाव सांगू नका. ते विचारायला फादरांनाही मनाई आहे.

आमचा मोठा भाऊ असं बोलू शकतो: "फादर, मी आणि माझ्या भावांनी बहिणीची फसवून सही घेतली आणि वडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा लाटला. एकदाच, पाच वर्षांपूर्वी. तिला कागद वाचू दिला नाही, ते मीच सुचवलं. तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं टाकलंय. मला तो वाटा परत करायचा आहे, कसा ते कळत नाही." बोलायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. यात त्याने स्वतःचा भाग वेगळा काढला आहे, भावांच्या आड तो लपलेला नाही.

इशारा. गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं तर संपूर्ण कन्फेशन वाया जातं. सांगितलेल्या पापांचीही क्षमा होत नाही आणि लपवण्याचं नवं पाप वर चढतं. असं पूर्वी झालं असेल तर "मागच्या वेळी मी एक गोष्ट मुद्दाम लपवली" हे सांगून तिथपासून पुन्हा सुरुवात करा. खरोखरच विसरलात तर गोष्ट वेगळी. विसरलेल्या पापाचीही क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी आठवलं की सांगा.

काही प्रसंगांविषयी थोडक्यात. गर्भपात केला किंवा करवला असेल तर "हे पाप बिशपांकडेच जाऊन सांगावं लागतं" असं अजूनही काही जण सांगतात. पोप फ्रान्सिस यांनी करुणेच्या वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर 2016 मध्ये, त्याची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला आहे. जवळच्या फादरांकडे जा. केवळ रजिस्टर लग्न केलं असेल, किंवा चर्चमधलं पहिलं लग्न असताना दुसरा संसार थाटला असेल, तर तो गुंता कन्फेशनच्या जाळीमागे सुटत नाही. फादरांची ऑफिसात वेगळी वेळ घ्या, आणि ती टाळत राहू नका.

फादर काही विचारतील, दोन शब्द सांगतील आणि प्रायश्चित्त देतील. दिलेलं प्रायश्चित्त पार पाडणं तुम्हाला शक्य नसेल तर तिथेच सांगा, ते बदलून देतात. मग पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा. पाठ नसेल तर आपल्या शब्दांत. त्यानंतर ते हात पुढे करून क्षमेचे शब्द उच्चारतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तुझ्या पापांची क्षमा करतो, हा त्यातला गाभा. तो ऐका. त्या वेळी अनेकांचं तोंड पश्चात्तापाच्या प्रार्थनेतच अडकलेलं असतं आणि ज्यासाठी आलो तेच कानावरून जातं.

फादर रागावले तर? कन्फेशनची जागा छळाची खोली होता कामा नये, असं पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना बजावलं होतं. तरीही एखादा माणूस थकलेला किंवा तापट असतो. क्षमा दिली असेल तर ती वैध आहे, त्यांच्या स्वभावाने कमी होत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या फादरांकडे जा. कन्फेशन सोडू नका.

## 6. बाहेर आल्यावर

दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी, शक्य तर चर्चमधून बाहेर पडण्याआधी पूर्ण करा. घरी करू म्हटलं की राहतं.

भरपाईची मात्र आता कुठे सुरुवात होते आणि तिथे धीर लागतो. पैसे परत करताना "मी चोरले होते" असं जाहीर करायची सक्ती नाही. स्वतःला उघडं न पाडता ते मालकापर्यंत पोहोचवता आले तरी पुरे. मालक वारला असेल तर त्याच्या वारसांना. तो कोण हे शोधूनही कळणं अशक्य असेल तर गरिबांना. खिसा अगदी रिकामा असेल तर हप्त्याने, पण पहिला हप्ता ठरवलेल्या तारखेला.

बदनामीची भरपाई जास्त अवघड आहे. खोटं पसरवलं असेल तर ज्या ग्रुपवर पसरवलं त्याच ग्रुपवर "मी टाकलेली माहिती खोटी होती" हे लिहावं लागतं. त्या माणसाला एकट्याला गाठून "सॉरी" म्हणणं पुरेसं नाही, कारण नाव चारशे जणांसमोर गेलेलं असतं. खरी पण झाकलेली गोष्ट उघड केली असेल तर ती खोटी होती असं सांगता येत नाही. तिथे त्या माणसाबद्दल जे चांगलं ठाऊक आहे ते बोला, आणि विषय निघाला की तो वाढू देऊ नका.

बहिणीकडे जाताना भावाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिने माफ केलंच पाहिजे अशी अपेक्षा घेऊन जाऊ नये. ती दार लावून घेईल. तिच्या मुलांना राग असेल. देवाने क्षमा केली म्हणून तिच्यावर घाई लादता येत नाही, आणि "फादरांनी सांगितलं म्हणून आलो" हे वाक्य तर तोंडातून काढूच नये. वाटा तिचा आहे, ती बोलो न बोलो.

गंभीर पापाची जाणीव असताना कन्फेशनशिवाय कम्युनियन घ्यायचं नाही. अपवाद फार थोडा आहे: कम्युनियन घ्यायला गंभीर कारण हवं, कन्फेशनची सोय अजिबात नसावी, आणि लवकरात लवकर कन्फेशनला जायच्या ठरावासह पूर्ण पश्चात्ताप केलेला असावा. शेजारी बघतील म्हणून रांगेत उभं राहणं हे गंभीर कारण नव्हे. जागेवर बसून राहा. कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. दैवी दयेच्या रविवारी, म्हणजे पास्कानंतरच्या रविवारी, मिळणाऱ्या संपूर्ण दंडमाफीमुळेही (क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ होण्यामुळेही) कन्फेशन टळत नाही. ती मिळवण्याच्या अटींतच कन्फेशन आहे, त्या दिवसाच्या आधी किंवा नंतर साधारण वीस दिवसांत केलं तरी चालतं.

## 7. पुन्हा तेच झालं तर, आणि काहीच पुरत नसेल तर

महिन्याने तेच पाप घेऊन यावं लागलं म्हणून मागचं कन्फेशन खोटं ठरत नाही. तेव्हाचा ठराव खरा होता, एवढं पुरे. पण तेच पाप, त्याच वेळी, त्याच जागी घडत असेल तर चौथ्या पायरीवर परत जा, ठरावात कुठेतरी फट राहिली आहे. एकच फादर ठरवून त्यांच्याकडेच जात राहिलात तर ती फट त्यांना तुमच्या आधी दिसते. व्यसन असेल तर कन्फेशनच्या जोडीला डॉक्टर किंवा समुपदेशक लागतोच, त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्यांना थोडं वेगळं सांगावं लागतं. कन्फेशन करून घरी पोहोचत नाहीत तोच यांना वाटतं, मी नीट सांगितलं नाही, शब्द चुकला, बहुधा क्षमा झालीच नाही. उद्या पुन्हा रांगेत. अशा माणसाने वरची दुसरी पायरी लांबवू नये, उलट तिला घड्याळ लावावं: पंधरा मिनिटं, त्यानंतर कागद बंद. एकाच धर्मगुरूकडे जावं आणि ते सांगतील ते मानावं, स्वतःच्या शंकेला न जुमानता. पाप झालं की नाही याची खात्री नसेल तर ते सांगायची सक्ती नाही. आणि फादरांनी "या जुन्या गोष्टीवर पुन्हा बोलू नकोस" असं बजावलं असेल, तर ती गोष्ट पुढच्या कन्फेशनात काढायची नाही, रात्रभर झोप लागली नाही तरी.